वाचकांचे प्रश्न: नवी एम फाइव्ह कुणाला का खुपते?

मागच्या अंकात दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर भेटलेल्या नव्या बीएमडब्ल्यू एम फाइव्हबद्दल मी जेमतेम पाच-सहा ओळी लिहिल्या होत्या, त्याही जागा उरली म्हणून. आणि ह्या महिन्याचं टपाल बघतो तर क्लच, मायलेज, गंजलेले सायलेन्सर हे नेहमीचे प्रश्न सगळे गायब, जो तो त्या एकाच गाडीवर. निम्मे म्हणतात वा काय गाडी केलीय, निम्मे म्हणतात पार वाट लावली. ज्यांनी शिव्या घातल्यात त्यांच्यापैकी बहुतेकांनी ती गाडी डोळ्यांनी बघितलेली नाही, आणि ज्यांनी डोक्यावर घेतलीय त्यांनीही नाही, पण मत देणं हा आम्हा रत्नागिरीकरांचा जन्मसिद्ध हक्क असल्यामुळे ते चालायचंच.

ज्यांचा मागचा अंक हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात. एम फाइव्ह म्हणजे फाइव्ह सिरीजची तालमीतली आवृत्ती, १९८० च्या दशकाच्या मध्यापासून निघतेय, दिसायला चार दारांची साहेबी गाडी आणि आत शर्यतीचं इंजिन. जून २०२४ मध्ये तिचा नवा अवतार दाखवला. ४.४ लिटरचं ट्विन टर्बो व्ही एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन तसंच आहे, पण सोबत इलेक्ट्रिक मोटर आणि खाली बॅटरी. दोन्ही मिळून ७२७ हॉर्सपॉवर, १००० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर. आपल्याकडे नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, तेव्हा एक्स-शोरूम १.९९ कोटी, बाहेरून तयार होऊन येते म्हणून किमतीत शंभर टक्क्यांच्या वरची कस्टम ड्यूटी बसलेली. आणि वजन, तिथेच सगळं घोडं पेंड खातंय, २४३५ किलो.

आता एकेक पत्र घेतो.

काका, मी आणि माझा चुलतभाऊ दोन आठवडे भांडतोय. तो म्हणतो पॉवर वाढली तर कसली तक्रार, मी म्हणतो वजन वाढलं तर कसली पॉवर. बरोबर कोण? (डिप्लोमा मेकॅनिकलचा विद्यार्थी, रत्नागिरी)

दोघंही, पण तू जरा जास्त. हिशोब करून बघ. आधीच्या पिढीची एम फाइव्ह कॉम्पिटिशन ६२५ हॉर्सपॉवरची होती आणि वजनाला हिच्यापेक्षा साधारण ५०० किलोने हलकी. ५०० किलो म्हणजे किती, तर हापूसच्या पाच डझनी पेट्या पंचवीसेक भरतील. म्हणजे पंचवीस पेट्या डिकीत घालून ही गाडी जन्माला आलीय आणि त्या पेट्या कधीच कुठल्या मार्केटला उतरवता येत नाहीत. टनामागे घोडे काढलेस तर नव्या गाडीला ३०० च्या आसपास पडतात, जुनीला ३२० च्या वर. कंपनीचेच आकडे बघ, शून्य ते शंभर नवी ३.५ सेकंदात जाते, जुनी ३.३ मध्ये जायची. शंभर घोडे जास्त आणि तरी पाव सेकंदाच्या आसपास मागे. तुझ्या भावाला हे दाखव आणि एक वडापाव वसूल कर.

पण सरळ रस्त्यावर पाव सेकंद कुणाला कळतोय, खरी गंमत वळणावर आहे. सरळ जाताना मोटरचा टॉर्क लगेच मिळतो, इंजिनचे टर्बो श्वास घेईपर्यंत मोटर ढकलत असते, त्यामुळे वजन जाणवतच नाही. ब्रेक मारलास की मात्र तेच वजन पुढे येतं. एकाच वेगाला वजन सव्वापट म्हणजे थांबवायची ऊर्जा सव्वापट, ह्यात कुठलंही सॉफ्टवेअर सूट देत नाही. हां, मोटर जनरेटरसारखी चालून ब्रेकचा थोडा भार उचलते आणि बॅटरीत परत भरते, आंबा घाट उतरून साखरप्याला येताना त्याचा फायदा होईलच. मागची चाकंही थोडी वळतात, टायर पुढे २० इंची मागे २१ इंची, डावी-उजवीकडे ताकद वाटणारं डिफरन्शियल हुशार आहे. हे सगळं वजन लपवण्यासाठी केलंय आणि लपवलंय बऱ्यापैकी, पण कमी केलेलं नाही.

मला फेरीतून उतरल्यावर त्या गाडीच्या मालकाने धोपाव्यापासून गुहागरपर्यंत शेजारी बसवून नेलं, भला माणूस. जेटीवरून वर चढायचा रस्ता तुला माहीत असेल, अरुंद, वळणाचा, दोन्हीकडे जांभ्याचे गडगे. चढावर गाडीने जी झेप घेतली तेव्हा मी सीटमध्ये रुतलो, तोंडातून शिवी गेली, कौतुकाचीच. पण पुढच्या वळणाला त्यांनी ब्रेक दाबला तेव्हा गाडी वळली जरूर, पण आपण एका मोठ्या वस्तूत बसलोय हे पोटात कळलं. जुन्या एम फाइव्हवाल्यांना हेच खुपतंय. १९९८ ते २००३ मधली जी पिढी होती, ४.९ लिटरचा व्ही एट, ४०० हॉर्सपॉवर, हाताने टाकायचे सहा गिअर, ती सतराशे-अठराशे किलोची होती. तिच्या आठवणीत जगणाऱ्या माणसाला तू १००० न्यूटन मीटर सांग नाहीतर दोन हजार सांग, तो हलायचा नाही.

तुझा पुढचा प्रश्न असणार की मग केलं कशाला. युरोपात कंपनीच्या सगळ्या नव्या गाड्यांचा मिळून कार्बन डायऑक्साइडचा सरासरी आकडा सरकार बघतं, २०२१ पासून तो किलोमीटरला ९५ ग्रॅमच्या आसपास ठेवायचा होता, आणि वर गेलात तर दर ग्रॅमला दर गाडीमागे ९५ युरो दंड. नुसत्या व्ही एटवर एम फाइव्ह त्या हिशोबात पार बुडते. पण प्लग-इन हायब्रिड, म्हणजे इंजिनसोबत चार्ज करायची बॅटरीवाली केली की चाचणीत बॅटरीवरचे किलोमीटर धरले जातात आणि कागदावर हीच गाडी, आली तेव्हा, ४० ग्रॅमच्या आत बसली. म्हणजे बॅटरी घातली म्हणून व्ही एट वाचला असं पण म्हणता येतं. माझं मत विचारशील तर वजन हे त्याचं भाडं आहे, आणि भाडं जास्तच आहे.

नव्या बीएमडब्ल्यूचं नाक बघवत नाही. पूर्वी कशा सुबक दोन नाकपुड्या होत्या, आता रात्री त्यांच्याभोवती दिवे लावतात. ह्या लोकांना सौंदर्यदृष्टी उरली नाही काय? (निवृत्त शिक्षक, दापोली)

गुरुजी, तुमच्याशी वाद घालायची माझी प्राज्ञा नाही, तरी थोडं धाडस करतो.

एक म्हणजे त्या नाकपुड्या, म्हणजे पुढच्या दोन जाळ्या, पूर्वी सुबकच होत्या असं काही नाही. १९३३ च्या ३०३ मॉडेलवर त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा चांगल्या उंच होत्या. मधल्या काळात आडव्या आणि छोट्या झाल्या, आपण वाढलो त्या काळात, म्हणून आपल्याला तेच प्रमाण वाटतं. २०२० मध्ये एम थ्रीला परत उभं मोठं नाक दिलं तेव्हा जगभर बोंब झाली, बीव्हरचे दात म्हणाले, काय काय म्हणाले. आज ती गाडी समोरून आली तर कोणी नाक बघत नाही, बाजूला होतात.

दुसरं, ह्या कंपनीला शिव्या खाऊन पचवायची सवय आहे. २००१ ची सेव्हन सिरीज आठवते का? ख्रिस बँगल नावाचा अमेरिकन माणूस तेव्हा डिझाइनचा प्रमुख होता. त्या गाडीची डिकी अशी दिसायची की डबा एका कंपनीचा आणि झाकण दुसऱ्या डब्याचं आणून ठेवलंय. लोक इतके खवळले की ह्याला काढून टाका म्हणून इंटरनेटवर सह्यांची मोहीम झाली. तो काही गेला नाही, २००९ पर्यंत होता. आणि त्याच गाडीत पुढे मधोमध स्क्रीन चालवायला एक गोल फिरवायचं बटण दिलं होतं, आयड्राइव्ह म्हणायचे, त्याला तर डिकीपेक्षा जास्त शिव्या. पुढे बाकीच्या जर्मन कंपन्यांनी तसंच बटण दिलं. आता बीएमडब्ल्यू काही नव्या मॉडेलांतून ते काढायला लागलीय, नुसता टचस्क्रीन ठेवतेय, तर लोक बोंब मारतायत आमचं बटण कुठे गेलं.

पण दरवेळी असंच होतं असंही नाही हां. जॅग्वार एक्सजेचं उदाहरण घ्या, ती १९६८ पासून साधारण एकाच चेहऱ्याने चालली होती, चार गोल दिवे, लांब बॉनेट, आमच्या आजोबांना दाखवली असती तरी ओळखली असती. २००९ मध्ये, म्हणजे टाटांनी कंपनी घेतल्यावर वर्षभराने, इयान कॅलमने ती मुळापासून बदलली, मागच्या काचेशेजारचा खांब काळा चकचकीत केला. जुने लोक चिडले. मला स्वतःला ती आवडली, पहिल्या दिवसापासून, पण माझ्या आवडण्याने काय होतंय, २०१९ मध्ये बंद झाली. पोर्शेच्या पहिल्या पॅनामेराचंही तसंच, २००९ मध्ये आली तेव्हा मागून कुबड काढल्यासारखी दिसते म्हणून टिंगल झाली, आणि २०१६ च्या नव्या पिढीत कंपनीने मागची छपराची रेषा गुपचूप दोन सेंटीमीटर खाली घेतली. म्हणजे टिंगल ऐकतात बरं का, कबूल करत नाहीत एवढंच.

एम फाइव्हचं नाक ह्यातलं कशात जाईल? माझा अंदाज, चारेक वर्षांत तुम्हाला काही वाटेनासं होईल. डोळा सरावतो. नव्या सुनेने परसातली तुळस हलवली की घरात आठवडाभर धुसफूस होते, मग पाणी घालणारे नवीन जागी जाऊन पाणी घालतात. वजनाचं तसं होत नाही, ते दर वळणाला नव्याने भेटतं. त्यामुळे दिसण्याच्या तक्रारी मी एका कानाने ऐकतो आणि चालण्याच्या दोन्ही कानांनी. दिव्यांचं म्हणाल तर मेनूत जाऊन बंद करता येतात, निदान तेवढी सोय आहे.

माका एक सांगा, त्या मर्सिडीझच्या सी सिक्स्टीथ्रीत पूर्वी व्ही एट इंजिन होता, आता चार सिलिंडर घातलेत. घोडे वाढले म्हणतत, मगे लोक बोंबलतत कशाक? (मालवण)

बोंबलतत कारण कान दुखावलेत. ही गोष्ट एम फाइव्हपेक्षा कडू आहे, कारण तिथे निदान व्ही एट राहिला.

सी सिक्स्टीथ्रीत आधी ६.२ लिटरचा मोठा व्ही एट होता, मग ४ लिटर टर्बोचा, शेवटी ५१० हॉर्सपॉवरपर्यंत. २०२२ मध्ये नवी आली ती २ लिटर, चार सिलिंडर. इंजिन म्हणून ते आश्चर्य आहे, एवढ्याशा इंजिनातून ४७६ हॉर्सपॉवर काढलेत, वर मागच्या चाकांना २०४ ची मोटर, बेरीज ६८०. शून्य ते शंभर ३.४ सेकंद, जुनी चारच्या आसपास होती. वजन २१११ किलो. बॅटरी ६.१ किलोवॉट अवरची, तिच्यावर १३ किलोमीटर जाते, म्हणजे मालवणातून निघालात तर कट्ट्याच्या पुढे पेट्रोलच. ती बॅटरी लांब जाण्यासाठी नाहीच, ढकलण्यासाठी आहे.

आता आवाजाचं. व्ही एटमध्ये एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला चार सिलिंडर, क्रँकची रचना अशी की एकूण ठोके समान अंतराने पडतात पण एकेका बाजूचे धरलेत तर वेडेवाकडे, दोन लगोलग, मग एक थांबून. तो वेडावाकडेपणाच एग्झॉस्टमधून गुरगुर होऊन बाहेर येतो. शिमग्यात पालखी नाचवताना ढोलवाला हात थोडा अडवून मारतो आणि अंगात येतं ना, तसं. चार सिलिंडरचे ठोके शिस्तीत, एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार, कवायत. स्पीकरमधून आवाज सोडून कितीही सजवा, ढोल ऐकलेल्या माणसाला कळतंच. बीएमडब्ल्यूनेही २०११ च्या एम फाइव्हपासून इंजिनचा आवाज स्पीकरमधून आत सोडायला सुरुवात केली, तेव्हाही हाच दंगा झाला होता.

त्यात युरोपात २०१६ पासून गाड्यांच्या आवाजाची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणतायत, पेट्रोल गाड्यांच्या एग्झॉस्टला पार्टिक्युलेट फिल्टर आला, तो काजळी अडवतो तसा आवाजही खातो. म्हणजे व्ही एट ठेवला असता तरी पूर्वीसारखा गुरगुरला नसता. पण मी म्हणतो, हळू आवाजातला ढोल परवडला. तुमका जा वाटता ताच माका वाटता.

जाता जाता जेटीवरची गंमत सांगतो. ती एम फाइव्ह दाभोळला आली तेव्हा रांगेतले सगळे मान वळवून बसले होते, आता गरजेल, आता गरजेल. बॅटरीवर होती, आली आणि उभी राहिली, टायरखाली खडी वाजली तेवढीच. शेजारचा एक पोरगा मला म्हणतो, काका, बंद पडली काय हो?

२०२१ च्या पुरात आमच्या दोन गाड्या गेल्या. आता हायब्रिड घ्यायची तर भीती वाटते, एवढी मोठी बॅटरी पाण्यात गेली तर शॉक बसेल का? (व्यापारी, चिपळूण)

२२ जुलै २०२१ चिपळूणकर विसरणार नाहीत आणि तुमची भीती अगदी रास्त. नीट ऐका.

हाय व्होल्टेज बॅटरी बंद पेटीत असते, पाण्याचा, गळतीचा, अपघाताचा सुगावा लागला की आतले कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठे स्विच, सुटतात आणि बाहेरच्या वायरींचा पुरवठा तुटतो. त्यामुळे पुराच्या पाण्यात उभी गाडी म्हणजे पाण्यात करंट, असं नाही. पण पेटी कितीही बंद असली तरी चिखलाचं पाणी तासन्‌तास बसलं तर कनेक्टरमध्ये शिरतं, त्या दिवशी बहुतेक काही होत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी गंज आपलं काम करतो. म्हणून पाणी उतरलं की गाडी चालू करायची नाही, नारिंगी रंगाच्या जाड वायरींना हात लावायचा नाही, चार्जर लावून बघू असला प्रयोग तर मुळीच नाही, फ्लॅटबेडवर उचलून हायब्रिडचं काम येणाऱ्याकडे न्यायची, आणि तपासून होईपर्यंत घराला चिकटून पार्क करायची नाही.

चालू करायची नाही हे साध्या पेट्रोल-डिझेललाही लागू. त्या पुरानंतर माझ्या मेहुण्याची गाडी एका गॅरेजवाल्याने, नाव घेत नाही, टो करायच्या आधी "एकदा सेल मारून बघतो" म्हणून सेल मारला. इंजिनात पाणी होतं. पाणी काही दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकला, जे काम साफसफाईत भागलं असतं ते नव्या इंजिनावर गेलं. विमावाल्याने बोट दाखवलं की पाण्यात चालू केलीत, इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन घेतलेलं नाही, आमचा संबंध नाही. तेव्हा हायब्रिड घ्या नाहीतर साधी घ्या, वाशिष्ठीच्या काठाला राहता तर ते ॲड-ऑन घ्याच, आणि पाऊस जोर धरला की गाडी वरच्या अंगाला नेऊन लावायची जागा आत्ताच ठरवून ठेवा.

आमचं होम-स्टे आहे. हल्ली पाहुणे चार्जिंगच्या गाड्या घेऊन येतात, एकाने एम फाइव्ह आणणार म्हणून कळवलंय. काय सोय करावी? (गुहागर)

बॅटरी वापरण्याजोगी १८.६ किलोवॉट अवरची आहे. तुमच्या १५ अँपियरच्या सॉकेटवर रात्रभरात भरेल, सहा ते आठ तास धरा, सकाळी पाहुणा ६५-७० किलोमीटर बॅटरीवर जाऊ शकेल अशा हिशोबाची आहे. नाही भरली तरी तो अडकत नाही, पेट्रोल आहेच.

सॉकेटपेक्षा अर्थिंग बघा. आपल्या जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग मरतं आणि ह्या गाड्यांचा चार्जर अर्थिंग नसेल तर चार्जच करत नाही, लाल दिवा लावून बसतो, मग पाहुणा तुमच्यावर डाफरतो. वायरमनला बोलवून खड्डा तपासून घ्या, एप्रिल-मे मध्ये पाणी घाला. एसी, गिझर आणि गाडी एकाच वेळी चालली तर मीटरचा मंजूर लोड पुरतो का तेही विचारा. आणि लांब एक्स्टेन्शन बोर्डवरून कोणी चार्ज करायला लागलं तर हात जोडून थांबवा, त्या वायरी तापतात.

रस्त्याचं काय? गाडी आरसे सोडून १९७० मिलिमीटर रुंद, जवळजवळ ५ मीटर १० सेंटीमीटर लांब. पुढचं अंग साध्या फाइव्ह सिरीजपेक्षा ७५ मिलिमीटर फुगवलंय, फोटोत तेच छान दिसतं आणि तुमच्या पाखाडीत तेच गडग्याला घासेल. पाहुण्याला आधीच फाटकाची रुंदी कळवा. फेरीने येणार असेल तर भरतीच्या वेळेला ये म्हणावं. ओहोटीला रॅम्पचा कोन वाढतो, त्या दिवशी दाभोळला बोटीवरच्या पोरांनी दोन फळ्या आणून पुढच्या चाकांखाली घातल्या, मालक खाली उतरून गुडघ्यावर बसून पुढच्या बंपरचा ओठ किती वर आहे ते बघत होते, दोन कोटींची गाडी आणि पँटला चिखल. "सायेब, तिरकी घ्या, तिरकी" असं ओरडत पोरांनी चढवली, एक ओरखडा नाही. ती पोरं रोज एसटी नि जीप चढवतात, त्यांना हॉर्सपॉवर सांगायची गरज पडली नाही.

रो-रो सुरू झाल्यापासून मांडव्याला असल्या गाड्या रोज उतरताना बघतो. जे घेतात ते खूश दिसतात. ज्यांना सात जन्मात घेता येणार नाही तेच का ओरडतात? (अलिबाग)

हा टोमणा मलाही लागला, पण प्रश्न चांगला आहे.

आपल्या घरची गोष्ट सांगतो. होंडा सिटी. १९९८ मध्ये आली, नंतर तिची व्हीटेक, म्हणजे जास्त ताकदीच्या इंजिनाची आवृत्ती निघाली, दीड लिटर आणि शंभरावर हॉर्सपॉवर, त्या काळात आमच्यासारख्यांची देवता. २००३ ला नवी सिटी आली, गोलमटोल, डॉल्फिन म्हणायचे, इंजिन दीड लिटरच पण पॉवर ७७. आम्ही किती शिव्या दिल्या असतील सांगू नका. आणि झालं काय, ती धपाधप विकली गेली, कारण घेणाऱ्याला मायलेज, आतली जागा आणि मागे बसणाऱ्या आईचं समाधान हवं होतं. म्हणजे आम्ही चुकलो? पूर्ण नाही. थोड्या काळाने होंडाने त्याच गाडीत व्हीटेक परत आणली. ओरडणारे गाडी घेत नसतील, पण घेणारा घ्यायच्या आधी ओरडणाऱ्यालाच विचारतो, "कशी आहे रे?" दोन कोटी देणारा माणूस एम हे अक्षर विकत घेतो, आणि त्या अक्षराला किंमत आली ती पंचवीस वर्षं भिंतीवर पोस्टर लावून बसलेल्या फुकट्यांमुळे. तेव्हा ओरडू द्या.

आणि खूश दिसतात म्हणता, मांडव्याच्या जेटीवर सुट्टीला उतरणारा माणूस खूश दिसणारच, तो कुठल्याही गाडीतून उतरो.

यंदा कलमांनी साथ दिली. बरीच वर्षं मनात आहे, एक चांगली पळणारी सेडान घ्यायची. नवी एम फाइव्ह आवाक्यात नाही. जुन्या पिढीची सेकंडहँड बघू की नवी एम थ्री-फॉर्टी आय? (बागायतदार, देवगड)

मन म्हणतं पहिली, हिशोब म्हणतो दुसरी.

आधीची एम फाइव्ह, हायब्रिडच्या आधीची, गाडी म्हणून मला आजही नवीपेक्षा आवडते. चारही चाकांना ताकद देते आणि मनात आलं तर नुसती मागच्या चाकांवर चालवता येते, तो खेळ नवीतही ठेवलाय म्हणा. पण सेकंडहँड घेतलीत तर पहिल्याच वर्षी चार टायर आणि पुढचे ब्रेक लागू शकतात आणि ती बिलं बघून हापूसचे भाव आठवतील. वॉरंटी किती उरलीय, सर्व्हिसचे कागद एका ठिकाणचे आहेत का, गाडी ट्रॅकवर किंवा ड्रॅग रेसला फिरलीय का हे खोदून विचारा, विकणारा "साहेब फक्त रविवारी चालवायचे" म्हणाला तर जास्तच खोदा.

एम थ्री-फॉर्टी आय ही बीएमडब्ल्यूचीच लहान सेडान चेन्नईत जोडली जाते, त्यामुळे ती शंभर टक्क्यांवरची कस्टमची ड्यूटी नाही, पाऊण कोटीच्या आसपास पडते. ३ लिटर, एका रांगेत सहा सिलिंडर, ३७४ हॉर्सपॉवर. नांदगाव तिठ्यावरून देवगडला येणाऱ्या रस्त्यावर ह्यातले निम्मे घोडेसुद्धा पूर्ण सुटत नाहीत, समोरून वाळूचा डंपर येतोच. गाडी लहान आहे, गडगे आणि तुम्ही दोघेही सुखी राहाल. सर्व्हिसला गोवा गाठावं लागेल ते दोन्ही गाड्यांना सारखंच. स्टेपनीचा प्रश्न मात्र लिहूनच विचारा, कोणत्या टायरवर गाडी येते, पंक्चर झाल्यावर किती किलोमीटर जाते, आणि त्या मापाचा टायर गोव्यात हजर असतो की मागवावा लागतो, कारण रात्री दहाला तळेऱ्याच्या पुढे टायर फाटला तर पंक्चरवाला भेटेल, तुमच्या मापाचा टायर भेटणार नाही.

आणि सही करायच्या आधी डेमो गाडी थेट तुमच्या घरापर्यंत आणायला लावा. डेमोवाले हायवेवरून परत फिरवतात, ऐकायचं नाही. रस्त्यावरून फाटकातून अंगणात उतरताना बागेतल्या घरांना जो उतार असतो तिथे पुढचा ओठ टेकतो का बघा, घरातली चार माणसं बसवून बघा, रिकामी नको. टेकला तर गवंड्याला बोलवून उतार लांबवायला किती जांभा लागेल तेही त्याच दिवशी विचारून घ्या, मे संपला की चार महिने ते काम होणार नाही आणि नवी गाडी पावसात रस्त्यावर उभी राहील.